त्रेसष्ट घोंगड्यांची पावती

इंदापूर
भाऊबीज, १५ नोव्हेंबर १९९३

गेणबादादांना मालतीचा नमस्कार.

ओवाळणीचं ताट सकाळी दहापासून मांडून ठेवलं होतं. एक वाजता झाकलं. चार वाजता निरांजनातली वात काढून टाकली आणि तुमच्या वाटणीच्या करंज्या मी रागारागाने खाल्ल्या. पाच खाल्ल्या, आता पोटात दुखतंय. मला बहीण मानल्यापासूनच्या एकतीस वर्षांत तुम्ही चुकवलेली ही पहिली भाऊबीज. ज्या वर्षी उजनीचं पाणी गावात शिरलं आणि तुम्ही शाळेची बाकं स्वतःच्या बैलगाडीतून नव्या वाडीत हलवत होतात, त्या वर्षीसुद्धा चिखलाच्या पायांनी येऊन पाटावर बसला होतात.

नागेशराव, तुमचे सासरे सध्या तुमच्याकडे आहेत, म्हणजे हे पत्र तुम्हीच त्यांना वाचून दाखवणार. कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजता, तेव्हा माझ्या पत्राच्या मापात मारू नका. लागेल असं वाटलं तरी सगळं वाचा.

मी काय केलं ते पुन्हा सांगते, म्हणजे जावयालाही नीट कळेल. भूकंपानंतर इंदापुरात मदत समिती झाली. वाचनालयाच्या लोकांनी मला, निवृत्त मुख्याध्यापिकेला, चिटणीस केलं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, चहाच्या कपापासून ट्रकच्या डिझेलपर्यंत सगळ्याची पावती हवी. तांबोळीचाचांनी मशिदीतली वर्गणी आणली, सोबत नावांची यादी. स्वतःचे हजार रुपये वेगळे दिले आणि म्हणाले, "नाव लिहू नका बाई, देनाऱ्यानं लपलेलं चालतं. वाटनाऱ्यानं मात्र लपू नये." मी 'एक सद्गृहस्थ' लिहिलं, पण पावती फाडलीच. कॉलेजच्या मुलांनी डबे फिरवले, ते माझ्या देखत फोडले. आणि वाडीतून, बिरोबाच्या देवळातून काय आलं? ट्रॉलीभर घोंगड्या आणि तुम्ही. सोबत कागदाचा कपटा नाही.

देवळाच्या कर्ण्यावर तुम्हीच पुकारलं होतं, त्रेसष्ट घोंगड्या जमल्या म्हणून. ट्रक गेला, माल उतरला, तिकडच्या गोदामाची पावती आली ती एक्केचाळीसची. सभेत मी दोन्ही आकडे वाचले. बावीस कुठे गेल्या असं मी विचारलंसुद्धा नाही. लोक तुमच्याकडे बघायला लागले, त्याला मी काय करणार होते?

तुम्ही एवढंच म्हणालात, "बाई, म्या दोरा दिला हुता तुमास्नी." आणि पटका सावरत निघून गेलात. दादा, दोरा म्हणजे हिशोब नव्हे. देवाच्या पेटीत टाकायचं आणि हात जोडायचे, ही तुम्हा लोकांची सवय. पेटीतलं पुढे कुठे जातं हे विचारणं म्हणजे पाप. आमच्याकडे तसं चालत नाही. वर्तमानपत्रात आलंय, 'पै न् पैचा हिशोब देणारी समिती'. कात्रण सोबत जोडते.

रागावला असाल तर रागवा, पण उत्तर द्या. सुपारी आणि ओवाळणीचा टिळा राहिलाच आहे.

मालती


इंदापूर
१६ जानेवारी १९९४

गेणबादादा,

दोन महिने झाले, उत्तर नाही. म्हणून परवा तिळगूळ घेऊन वाडीला गेले. तुमच्या दाराला कुलूप. मला वाटलं होतं, म्हाळसाच्या बाळंतपणासाठी लेकीकडे गेला असाल आणि तिथेच रमला असाल. ओढ्याकडच्या साखरबाईंनी खरं काय ते सांगितलं. देवळाच्या पंचांनी तुमच्याकडची किल्ली काढून घेतली. एवढ्यावर भागलं नाही. तुम्ही कपाळाला लावायला भंडाऱ्याच्या डब्यात हात घातला, तर कोणीतरी डबाच मागे ओढला. चाळीस वर्षं ज्यांच्या कपाळाला तुम्ही भंडारा लावलात त्यांनी. "देवाच्या नावाचं घोंगडं खाल्लं म्हनत्यात त्यानं," साखरबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की मला तिळगुळाचा डबा उघडवेना.

मी हे बोलले नव्हते. मी फक्त आकडे वाचले होते.

आता एक गोष्ट सांगायची आहे. कालपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. हिशोब तपासणीस येणार म्हणून पावत्यांचे गठ्ठे काढले. दोन्ही गठ्ठे लोकरीच्या दोऱ्याने बांधलेले, काळ्या-पांढऱ्या पिळाच्या. दोऱ्याला गाठी. तुमचाच दोरा. त्या दिवशी मला बांधायला सुतळी सापडत नव्हती, हाताशी हा होता. लांब होता, म्हणून कात्रीने दोन तुकडे केले.

गाठी मोजल्या. एका तुकड्यात अडतीस, दुसऱ्यात चोवीस. बासष्ट होतात. एक गाठ कात्रीखाली गेली असणार.

तुम्ही माझ्या घराच्या ओट्यावर उकिडवे बसला होतात. ट्रॉलीतून एकेक घोंगडी ओट्यावर पडत होती आणि तुम्ही एकेक गाठ मारत होतात. मी चेष्टेने म्हटलं, "दादा, कोकरं मोजताय काय?" तुम्ही हसून म्हणालात, "व्हय. बापानं हेच शिकिवलं. ठेवा जपून." म्हणजे त्रेसष्टच्या त्रेसष्ट माझ्या ओट्यावर पोचल्या होत्या. तिथून पुढे त्या तुमच्या नव्हत्या, माझ्या ताब्यात होत्या.

कोणी पोराने पळवल्या असतील. मी शोध लावते. खात्री होईपर्यंत कोणाला काही बोलत नाही, उगाच आणखी एखाद्याचं नाव खराब व्हायचं. तोवर तुम्ही वाडीला परत या. मी आहे.

थंडी फार आहे. संध्याकाळी खोलीत मी आणि रेडिओ. रेडिओही हल्ली खरखरतो.

मालती


इंदापूर
२२ मे १९९४

गेणबादादा,

घोंगड्यांचा पत्ता लागला.

आपला ट्रक घेऊन गेलेला ड्रायव्हर, झुंबर, लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली म्हणून माझ्याकडे आला. चहा पिताना सहज म्हणाला, "बाई, त्या घोंगड्यांचं बेस झालं बघा."

मी म्हटलं, "कोणत्या घोंगड्या?"

"आवो त्या वरच्या. निगताना पाऊस सुरू झाला, ताडपत्री न्हवती. दानं भिजतील म्हनून पोत्यांवर घोंगड्या हातरल्या न्हाय का आपुन? गोदामात पोती उतरली, गठ्ठं उतारलं. वरच्या घोंगड्या चिंब झाल्या हुत्या. गोदामवाला म्हनला, वली मी घेत न्हाय. येताना रस्त्याच्या कडंला मानसं बसल्याली, म्हाताऱ्या, ल्हान पोरं. डोक्यावर निस्ता पत्रा. टाकल्या त्यांच्या अंगावर."

माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "पावती घेतलीस?"

त्याने कप खाली ठेवला. "पाऊस पडत हुता बाई. पावती कुनाला मागू?"

किती होत्या, त्याने मोजलेल्या नाहीत. गाव कोणतं, त्याला माहीत नाही. कागद नाही, साक्ष नाही. आणि तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ज्याला मी आयुष्यात दोनदा पाहिलं त्याच्यावर ठेवला, आणि तुमच्यावर नाही. मला स्वतःची लाज वाटते, दादा.

पोत्यांवर घोंगड्या टाकायला कोणी सांगितलं हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात नाही. मीच तसं काही म्हणाले असेन. चिटणीस मी, तेव्हा दोष माझाच धरायला हवा. घोंगडीतून पाणी आत जात नाही हे तुमच्याच वाडीत राहून शिकले, शहरातल्या बाईला ते सुचलंही नसतं.

पंधरा ऑगस्टला वाचनालयात समितीचा कार्यक्रम आहे. सगळे येतील, वाडीचे पंचही. तिथे उभी राहून मी सगळं सांगणार आहे. मग तुम्हाला सन्मानाने परत आणतील. तोवर एखादं पोस्टकार्ड टाका. नागेशरावांच्या अक्षरात 'बरं आहे' एवढं असलं तरी पुरे.

मालती


इंदापूर
१७ ऑगस्ट १९९४

गेणबादादा,

सांगितलं.

ऐका काय झालं ते. मी उठले, कागद न घेता बोलले. म्हटलं, गेणबादादांनी त्रेसष्ट घोंगड्या माझ्या ओट्यावर मोजून दिल्या. दिल्याची खूण त्यांनी माझ्या हातात ठेवली होती, मी ती कापून पावत्या बांधायला वापरली. बावीस घोंगड्या समितीच्या ट्रकवर ताडपत्री म्हणून गेल्या. हिशोबातली चूक त्यांची नाही, माझी आहे.

आणि मग आमचे अध्यक्ष आनंदराव उठले. डोळ्यात पाणी आणून म्हणाले, "पाहा मंडळी, ह्याला म्हणतात मोठं मन! मानलेल्या भावाची चूक बाईंनी स्वतःच्या अंगावर घेतली." टाळ्या. मी नाही नाही म्हणत होते, टाळ्या थांबेनात. मला शाल पांघरली. नारळ दिला. इतिवृत्तात लिहिलं, 'चिटणीस मालतीबाईंनी उदार अंतःकरणाने जबाबदारी स्वीकारली.' वाडीचे पंच जाताना म्हणाले, "तुमी म्हनून संबाळून घेतलं बाई त्याला, दुसरं कोन घेनार?"

घरी येऊन शाल कोपऱ्यात फेकली. बत्तीस वर्षं मी मुलांना सांगितलं, खरं बोला, त्याचं फळ मिळतं. मला मिळालं ते असं. खरं सांगून माझं नाव आणखी मोठं झालं आणि तुमचं होतं तिथेच राहिलं.

म्हणून आता जे कोणालाच सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. नागेशराव, इथे थांबू नका, वाचा.

मला झुंबरने सांगितल्यावर कळलं नाही. मला त्या पहिल्या सभेतच माहीत होतं. तुम्ही "दोरा दिला हुता" म्हणालात त्या क्षणी मला ओटा आठवला, पाऊस आठवला आणि माझाच आवाज आठवला, "वरून घोंगड्या टाका, लवकर!" तुम्ही दारापर्यंत पोचेतो मला बोलता आलं असतं. पण हिशोब तीन प्रतींत सुवाच्य अक्षरात लिहून झाला होता. वार्ताहर समोर बसला होता. दान म्हणून आलेली वस्तू चिटणिसाने ताडपत्री म्हणून वापरली, हे मी कोणत्या तोंडाने वाचणार होते? आणि खरं सांगायचं तर देवळाच्या कारभारापेक्षा आमचा कारभार कसा चोख आहे, हे मला दाखवायचं होतं. म्हणून गप्प बसले. पंधराव्या दिवशी तुम्हालाच फटकारणारं पत्रही लिहिलं आणि कात्रण जोडलं.

माफी मागत नाही, कारण तुम्ही दिलीत तर मी लगेच सुखाने झोपेन. एक मागणं आहे. ज्या त्रेसष्ट घरांतून घोंगड्या आल्या त्यांची नावं मला हवीत. देवळात पावत्या नाहीत आणि तुमचा दोरा मी कापला. आता ती नावं फक्त तुमच्याजवळ आहेत.

मालती


सोमेश्वरनगर
११ सप्टेंबर १९९४

मालतीबाईंना नागेशचा नमस्कार. मामा सांगतात तसंच लिहितो आहे, माझं त्यात काही नाही.

बाई, तुमची समदी पत्रं आयकली. नागेशनं कायबी गाळलं न्हाय, त्याला वाचताना घाम फुटला तरीबी. तुमी सबेत बोलला ते कळलं. टाळ्या वाजल्या ते बी कळलं. तुमाला ठावं हुतं, ते आता कळलं. त्यावर मला काय बोलायचं न्हाय. बोलाय गेलो तर वाईट बोलंन, आन नागेशला लिवावं लागंल.

नावं देतो. ती तुमच्यासाटी न्हाय, माज्यासाटी बी न्हाय, त्या बायांसाटी देतो. लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, मग सनगर ईनतो. वरीसभर खपतं तवा एक घोंगडं हुतं. ज्या बाईनं ते दिलं तिला ते कुनाच्या अंगावर गेलं ह्ये कळाया पायजे का नगं? चोर म्हनले म्हनून म्या वाडी सोडली न्हाय. चोर म्हननारं चार दिस म्हनत्यात. पर एकेक बाई वाटंत गाठायची आन इच्यारायची, दादा, माजं घोंगडं पोचलं का? आन माज्याजवळ उत्तर न्हवतं. हात पसरून घेतलं म्या, तर सांगाय बी म्याच पायजे. त्या भ्यानं आलो हिकडं.

लिवा. पयलं साखरबाईचं, वड्याकडंची. काळं, पांढऱ्या काठाचं. दुसरं भिमाच्या म्हातारीचं. नव्या सुनंला ठिवल्यालं तिनं, ते दिलं. तिसरं…

(पुढची नावं मामांनी एका दमात सांगितली, कुठेही अडखळले नाहीत. वेगळ्या कागदावर लिहून जोडली आहेत. – नागेश)

त्रेसष्टावं आमच्या बानूचं. संपलं.

गेणबा


इंदापूर
२३ ऑक्टोबर १९९४

गेणबादादा,

तुमची यादी घेऊन गेला महिनाभर वाडीला जाते आहे. सकाळची एस.टी. पळसदेवच्या फाट्याला सोडते, तिथून पायी. रोज दोन-तीन घरं होतात. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना कोण विचारतो.

प्रत्येक उंबऱ्यावर एकच सांगते. तुमची घोंगडी गेणबादादांनी माझ्याकडे पोचवली. एक्केचाळीस गोदामात पोचल्या, बावीस मी पोत्यांवर टाकल्या, त्या ड्रायव्हरने रस्त्याकडेच्या लोकांना दिल्या, असं तो म्हणतो. तुमची त्यातली कोणती, मला माहीत नाही. आणि गेणबादादांवर आळ आला तेव्हा मला खरं ठाऊक होतं, मी बोलले नाही.

उंबऱ्यावर टाळ्या वाजत नाहीत, दादा. भिमाच्या म्हातारीने पानाची पिंक टाकली आणि म्हणाली, "शिकल्याली बाई असून आसं? मग त्याचा मान माघारी कोन देनार, तू?" मी म्हटलं, माझ्या हातात असता तर दिला असता. "मग कशाला आलीस?" म्हणाली. एका घरात तोंडावर दार लावलं. एकीने पाणी दिलं आणि मी पिऊन संपवेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. एक म्हणाली, रस्त्यावरच्याला मिळालं ना, मग झालं की. सगळ्या चांगलं बोलल्या असत्या तर मला खोटं वाटलं असतं. वर्षभरात माझ्याशी एवढी माणसं बोलली नव्हती.

साखरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी गेणबानं खाल्लं न्हाय?"

"नाही."

"ह्ये तुमी देवळात का न्हाय सांगत?"

मी म्हटलं, सांगते की, आत्ता चला. तशी त्यांनी हात धरून मला खाली बसवलं. "तुमी नगा येऊ. तुमी बोलला की टाळ्या वाजत्यात. आमी बोलू."

आणि त्या गेल्या, दादा. मंगळवारी अकरा बायका देवळात जाऊन पंचांपुढे बसल्या. घोंगडी आमची, आम्हाला हिशोब पोचला, आता त्याच्या नावाला कोणी बोट लावायचं नाही, असं म्हणाल्या. पंच म्हणाले, विचार करू. साखरबाई म्हणाल्या, करा, आमी हितंच बसतो. अजून उत्तर नाही. मला तिथे जागा नव्हती, मी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी होते. हे तुम्हाला खात्रीने परतीचं आमंत्रण म्हणून लिहीत नाही. घडलं तेवढं कळवते.

बासष्ट घरं झाली. एक राहिलं. बुधवारी सकाळच्या गाडीने बारामतीला येते, तिथून दुसरी गाडी धरून तुमच्याकडे. तुमच्याकडे म्हणजे तुम्हाला भेटायला नव्हे, बानूवहिनींना. देणाऱ्या त्या आहेत. ओट्याखाली उभी राहून सांगेन आणि जाईन. तुम्हाला घरात थांबायचं नसेल तर थांबू नका.

पण त्यांच्या समोर मला सगळं बोलता येईल याचा भरवसा नाही. बाकीच्या बासष्ट जणींना सांगितलं ते त्यांना सांगून भागणार नाही. म्हणून इथे लिहिते. नागेशराव, सासूबाईंना हाक मारा आणि त्यांना ऐकू जाईल असं वाचा.

वहिनी, तुमची घोंगडी त्या बाविसांत होती. एवढ्या एकीबद्दल मला नक्की माहीत आहे. ढिगातून ती मी स्वतः ओढून काढली आणि सगळ्यात वर पसरायला दिली, कारण तिच्याइतकी दाट वीण दुसरीची नव्हती. कोणाची आहे तेही मी ओळखलं होतं. आपल्याच घरची आहे, भिजली तर भिजली, आपल्या माणसांना काय विचारायचं, असं मला वाटलं.

मालती